दारातच अडकलेला आकडा

सोमवार, ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. विनंती विशेष आहे, पण ती पत्राच्या शेवटी ठेवली आहे. पान उलटून आधी तिथे जाऊ नकोस. तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

तू म्हणशील, हिला पत्र लिहायचं कुठून सुचलं, फोन बिघडला की काय. फोन धडधाकट आहे. पण तुझा फोन ड्यूटीभर कपाटात कुलूपबंद असतो, आणि घरी आल्यावर तू माझं बोलणं ‘हं, हं’ करत भांडी घासता घासता ऐकतेस. कागदावर तरी मी पूर्ण वाचली जाईन. नर्सिंगच्या होस्टेलवरून तू मला लिहायचीस तशी जाडजूड पत्रं मला जमणार नाहीत, तरी बघू.

इकडे सगळं ठीक. माझ्या खिडकीसमोर नवी इमारत उठते आहे, त्यामुळे दिवसभर डोक्यात ड्रिल. काम तेच. तू चारचौघांत सांगतेस ना, ‘आमची धाकटी कॉम्प्युटरला त्रास देते आणि वर त्याचा पगार घेते’, ते अगदी खरं आहे. दोन कॉम्प्युटरमधलं बोलणं तिसऱ्याला कळू नये म्हणून तयार प्रोग्राम लिहून ठेवलेले असतात, एन्क्रिप्शनच्या लायब्ररी म्हणतात त्यांना. मी त्या घेते आणि त्यांना वेडंवाकडं खायला घालते. अर्धवट फाइली, उलटेसुलटे आकडे, निव्वळ कचरा. कुठे ठसका लागतो ते बघते. लहानपणी मी रेडिओ उघडून बसले तेव्हा तू मला खुडबुडी म्हणालीस. (आणि रेडिओबद्दलची बोलणीही तूच खाल्लीस. मी पडद्याआड होते.) आता त्याच खुडबुडीवर माझं घर चालतं.

या लायब्ररी फुकट मिळतात आणि त्यामुळे सगळं जग त्या वापरतं. सध्या मी जी घेऊन बसले आहे ती एकच माणूस सांभाळतो, तेही स्वतःची नोकरी करून उरलेल्या वेळात. त्यांना सगळे आजोबा म्हणतात. वय पन्नाशीचंही नसेल, पण टक्कल आणि सबुरी दोन्ही आजोबांची.

तुझ्या वॉर्डातल्या, कोपऱ्यातल्या पलंगावरच्या आजी कशा आहेत? ‘आधी शर्टाचं बटण लाव, मग माझी नाडी धर’ असं त्या मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या, ते मी इथे सगळ्यांना सांगितलं. इन्सुलिनची सुई दिसली की ‘मघाशीच दिलं की’ म्हणतात, आणि कुणी जवळ बसावं असं वाटलं की ‘मला आज कुणी काही दिलंच नाही’ म्हणतात. अशा बाईचं म्हणणं खरं धरायचं तरी कसं गं?

तू त्यांचा फोटो पाठवला होतास, त्यात मागे औषधांची नवी स्क्रीन दिसत होती. पलंगाच्या पायथ्याचे तक्ते काढून टाकले, आता सगळं त्या स्क्रीनवर, असं तू कौतुकाने लिहिलं होतंस. मी फोटो मोठा करून पाहिला. स्क्रीनही पाहिली.

तर आता विशेष. तुझ्या वॉर्डात कुणाला कोणतं औषध कधी दिलं, हे काही दिवस कागदावरही लिहीत जा. स्क्रीनवर भरायचं ते भर, आणि शिवाय कागदावर. कारण विचारू नकोस, सांगता येणार नाही. काळजीचं काही नाही. शपथ घातली असती, पण तू शपथांना भीक घालत नाहीस. खरंच, काळजीचं काही नाही.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझी
खुडबुडी


मंगळवार, १४ एप्रिल

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. एवढं आखूड पत्र तू मला कधीच लिहिलं नव्हतंस, त्यामुळे ते वाचून लगेच संपलं आणि मग दिवसभर संपेना.

वॉर्डातल्या मुली डबल कामाला कंटाळल्या आणि त्यांनी मेट्रनकडे गाऱ्हाणं नेलं, इथपर्यंत मला समजतं. पण ‘तुम्ही मुलींना स्क्रीनवर अविश्वास ठेवायला शिकवताय’ असं त्या बाईने तुला, तुला म्हणावं? ज्या बाईने तिला सलाइन लावायला शिकवलं तिला? आणि थेट चादरींच्या स्टोअरमध्ये बसवावं? मी रागाने खोलीत येरझारा घालत होते. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, काही पडलं का म्हणून.

तू लिहिलंस, ‘मला तुझी एकच ओळ हवी. कागद का ठेवायचा ते तू मेट्रनला लिही, मी पुढचं बघते.’ ताई, तू माझ्याकडे आजवर काही मागितलं नाहीस. त्यामुळे हे लिहिताना मला किती जड जातंय ते बघ. ती ओळ मला आत्ता देता येत नाही.

आमच्या धंद्यात एक पथ्य असतं. कुठे भोक सापडलं तर ज्याची वस्तू त्याला गुपचूप सांगायचं, आणि ते बुजेपर्यंत बाकी जगाशी तोंड बंद. आईशी, नवऱ्याशी, बहिणीशी, कुणाशीही नाही. कारण भोक आहे एवढं कळलं तरी ते शोधणारे असतात, आणि शोधलं की वापरणारेही असतात. बुजवायला ठरलेली मुदत असते. ती संपली की सगळं चव्हाट्यावर मांडायचं. मी तुला मार्चमध्ये जे लिहिलं, तेच मुळात पथ्याबाहेरचं होतं.

मुदत संपायलाच आली होती गं. पण एका बड्या कंपनीने अजून वेळ मागितला आणि आजोबांनी दिला. त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. त्यासाठी आम्ही सगळे, म्हणजे ज्यांना हे भोक माहीत होतं ते, व्हिडिओ कॉलवर बसलो होतो. शेवटी आजोबांनी चष्मा पुसत विचारलं, ‘कुणी बाहेर काही बोललंय का? असेल तर आत्ताच सांगा, मी रागावणार नाही.’ एकेकाला विचारत आले. माझी पाळी आली.

असो. समोरची इमारत आता आमच्या मजल्याच्या वर गेली. उजेड कमी झालाय, दिवसाही दिवा लावून बसते.

स्टोअरमध्ये धूळ असेल, नाकाला रुमाल बांधत जा. तुला दमा नाही हे माहीत आहे, तरी बांध. तुझ्या जागी आलेली मुलगी कशी आहे? तिला निदान एवढं सांगशील का, की आजींच्या ‘दिलं’ आणि ‘नाही दिलं’वर जाऊ नकोस? थोडे दिवस कळ काढ. हे जाहीर झालं की मी स्वतः लिहीन, तुला वॉर्ड परत मिळेल. नक्की.

रागावली आहेस ना? राहा. पण पत्र लिही.

तुझी
खुडबुडी


सोमवार, ११ मे

प्रिय ताई,

झालं! आज सकाळी जाहीर झालं. आता सगळं सांगते. तुझं उत्तर आलेलं नाही, पण आज मी इतकी हलकी झालेय की तुझ्या अबोल्यावरही पत्र लिहिते आहे.

ऐक. दोन कॉम्प्युटर बोलायला लागतात तेव्हा आधी ओळखपत्र दाखवतात. त्यात मोठाले आकडे असतात. ओळखपत्र खरं की बनावट हे ठरवायला लायब्ररी त्या आकड्यांवर गणित करते, आणि आकडा जितका मोठा तितकं गणित लांबतं. तो किती मोठा असावा याला या लायब्ररीत कुणी मर्यादाच घातली नव्हती. मी एक भलामोठा आकडा घालून बनावट ओळखपत्र तयार केलं आणि तिच्या हातात दिलं. ती बिचारी गणित करत बसली. तासन्‌तास. चोरी झाली नाही, कुलूप तुटलं नाही. दारावरचा माणूस एकाच पाहुण्याचे कागद तपासत बसला आणि मागची रांग खोळंबली, एवढंच. आता त्या रांगेत कोण उभं आहे ते आपल्याला माहीत नसतं. मला एका ठिकाणचं माहीत होतं. तुमच्या औषधांच्या स्क्रीनच्या तळाला ती बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं, आणि ती कंपनी हीच लायब्ररी वापरते.

उपाय म्हणशील तर चारपाच ओळींचा. आकडा याहून मोठा असेल तर दारातूनच परत पाठव. ‘याहून’ म्हणजे किती, यावरच सगळे इतके दिवस भांडत होते. कुठेतरी कुणाचं जुनं यंत्र खरंच एवढा मोठा आकडा वापरत असेल, त्याला उगाच का अडवा, हे आजोबांचं पालुपद.

शोधणारी म्हणून माझं नाव आलंय. पहिल्याच ओळीत! ज्यांनी कधी मला साधं ओळखलं नाही त्यांचेही निरोप आले. सोबत मी तयार केलेलं ते ओळखपत्रही ठेवलं आहे, नमुना म्हणून, म्हणजे ज्याला त्याला आपापलं यंत्र तपासून पाहता येतं. आजोबा म्हणत होते, नमुना थोडा मागाहून देऊ, आधी लोकांना दुरुस्ती करून घेऊ दे. मी म्हटलं, सगळे लगेच देतात, आपणच का मागे राहायचं? नमुन्याशिवाय कोण विश्वास ठेवतं? त्यात मी एक गंमत करून ठेवली आहे, ती तुला भेटल्यावर सांगेन. तू हसशील.

आता तुझं काम. तुमच्या कॉम्प्युटरवाल्यांना गाठ आणि सांग, दुरुस्ती आली आहे, ताबडतोब करून घ्या. त्यांनी ‘पुढच्या महिन्यात सगळं एकदमच करू’ म्हटलं तर ऐकू नकोस.

आणि मेट्रनला लिहायचं. ते मी विसरलेले नाही. फक्त जरा दम धर. तुझी बदली एप्रिलमधली आणि जाहीर झालंय आज. मी आत्ता लिहिलं तर कुणीही तारखा जुळवेल आणि विचारेल, हिच्या बहिणीला आधी कसं कळलं? थोडी धूळ बसू दे.

चादरी मोजून झाल्या की दोन ओळी लिही गं.

तुझी
खुडबुडी


मंगळवार, २ जून

ताई,

तू परवा फोन केलास, त्याचं उत्तर मी द्यायचं राहिलं. म्हणून लिहिते आहे. हे पत्र माझ्या आधी पोहोचेल की मीच आधी पोहोचेन, सांगता येत नाही.

जे झालं ते मी एकदा माझ्या हाताने लिहून काढते. कॉम्प्युटरवाल्यांनी तुझं ऐकलं नाही. चादरींच्या स्टोअरमधल्या बाईने येऊन एन्क्रिप्शनबद्दल सांगावं आणि त्यांनी ऐकावं, अशी अपेक्षा मी कोणत्या तोंडाने केली कुणास ठाऊक. स्वतः फोन करायला मला काय झालं होतं? कुणा रिकामटेकड्याने माझा नमुना उचलला आणि दिसेल त्या दारावर टाकत सुटला. तुमच्या दारावरही टाकला. भर दुपारी सगळ्या वॉर्डांच्या स्क्रीन थिजल्या. आजींना जेवणाआधीचं इन्सुलिन देऊन झालं होतं, पण त्याची नोंद थिजलेल्या स्क्रीनच्या आत होती. पाळी बदलली. नव्या मुलीने आजींना विचारलं, ‘इंजेक्शन झालं का हो?’ आजींना कुणीतरी जवळ बसायला हवं होतं. त्या म्हणाल्या, ‘मला आज कुणी काही दिलंच नाही.’

तिने दुसऱ्यांदा इन्सुलिन दिलं. मग ती मुलगी एकटी धावत स्टोअरमध्ये आली, ‘सिस्टर, आजी उठत नाहीत’ म्हणून, आणि तू हातातली चादर तशीच घेऊन पळालीस. शिरेतून साखर देऊन आजींना परत आणलं ते तू. मला मात्र हे भावोजींकडून कळलं. तू फोनवर यातलं काहीच बोलली नाहीस. तू सांगितलं ते एवढंच की समिती बसली आहे, तुलाही बोलावलं होतं, आणि टेबलावर एक कागद होता. अडकलेली फाइल शोधून काढून कॉम्प्युटरवाल्याने तिच्यातल्या आकड्याची पहिली ओळ छापून आणली होती. तू ती मला वाचून दाखवलीस. सावकाश, एकेक अंक सुटा, डोस वाचून दाखवावा तशी. मग म्हणालीस, ‘हा आपल्या पॅसेजातल्या फोनचा नंबर आहे.’ आणि फोन ठेवलास.

हो ताई. ती गंमत हीच होती.

आकडा फक्त मोठा हवा होता. सुरुवात काहीही चालली असती. लहानपणापासून बोटांना जो नंबर पाठ होता तोच त्यांनी टाइप केला. त्या फोनची घंटा वाजली की तू कुठूनही धावत यायचीस आणि माझ्या आधी उचलायचीस. मला वाटलं, जगभर हा नमुना फिरेल आणि त्यात आपलं घर असेल, आणि तुझ्याशिवाय कुणालाच कळणार नाही. तुझ्याशिवाय कुणालाच कळलं नाही, ते खरंच झालं.

समितीने तुला विचारलं, तुम्ही मार्चपासून कागदावर का लिहीत होता? तू म्हणालीस, ‘सवय.’ हेही भावोजींनीच सांगितलं. तू मला अजून सांभाळते आहेस. तुझा वॉर्ड गेला, आजींची ही दशा झाली, समोर आपल्या घरचा नंबर छापलेला, आणि तरी तू ‘सवय’ म्हणालीस. मला तुझा राग आला, खरंच सांगते. तू मला एकदा तरी पडद्यामागून ओढून बाहेर काढायचं होतंस.

एप्रिलच्या पत्रात मी ‘असो’ लिहून इमारतीकडे वळले होते, आठवतं? आजोबांनी विचारलं, कुणी बाहेर बोललंय का. माझी पाळी आली, आणि मी म्हणाले, ‘छे, मी कशाला बोलेन?’ वर हसलेसुद्धा.

काल त्यांना फोन करून सगळं सांगितलं. तू, कागद, माझं ‘छे’, आजी, नंबर. मला वाटलं, पथ्य मोडलं म्हणून संतापतील. ते म्हणाले, ‘तुझी बहीण तिथे आहे, तर विचारायचं होतंस. मी हो म्हटलं असतं. हॉस्पिटलांचं कुणी आलं तर त्यांना आधी सांगायचं, हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं. दोघांना सांगितलंही.’

ताई, नुसतं विचारायचं होतं. मी तुला पथ्य पथ्य म्हणून एवढं मोठं पत्र लिहिलं, आणि ते पथ्य एवढंच होतं. पण विचारायचं म्हणजे आधी कबूल करायचं की मी बोलून बसले आहे. त्या सगळ्यांत मी सर्वांत भरवशाची होते, आणि मला ते फार आवडत होतं. तुझ्या वॉर्डापेक्षा जास्त आवडत होतं. हे लिहायला मला सकाळपासून बसावं लागलं.

आजोबांनी शेवटी एवढंच म्हटलं, ‘यापुढे असं काही आलं तर मला तुला आधी कळवता येणार नाही. वाईट वाटतंय.’ आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला नाही म्हटलं असेल. माझ्या धंद्यात याचा अर्थ काय होतो ते तुला सांगत बसत नाही. जे व्हायला हवं तेच झालं.

आज समितीला पत्र पाठवलं. मार्चमध्ये कागद ठेवायला तुला मी सांगितलं होतं, पण का ते सांगितलं नव्हतं, एप्रिलमध्ये तू मागितलेली ओळ मी दिली नाही, आणि नमुना घाईने जाहीर करायचा हट्ट माझा होता. कागद ठेवणारी बाई एकटीच बरोबर होती, हेही लिहिलं. तू मागितली होतीस एक ओळ. आता चार पानं झाली आहेत, आणि तिचा उपयोग झाला असता ती वेळ गेली.

भावोजी म्हणत होते, आजी आता टक लावून बघतात, पाणी मागतात. डॉक्टर आले तरी त्यांच्या शर्टाकडे बघत नाहीत. मी आल्यावर आधी त्यांच्याकडे जाईन. काय बोलणार, माहीत नाही. त्यांच्याजवळ बसेन. त्यांना तेवढंच हवं होतं.

समिती पुढच्या गुरुवारी पुन्हा बसते आहे. मी आदल्या दिवशी, बुधवारी पोहोचते. स्टेशनवर येऊ नकोस, घर मला सापडतं. त्यांनी तो कागद पुन्हा पुढे केला आणि हा नंबर ओळखीचा आहे का असं विचारलं, तर तू काही बोलू नकोस. या वेळी फोन मी उचलते.

तुझी धाकटी